छोट्या मोटारीची बॅटरी: कधी बदलायची, कोणती घ्यायची, कशी बसवायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

साताऱ्यात आमचं बॅटरीचं छोटं दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केलं तेव्हा काळ्या रबरी डब्याच्या बॅटऱ्या यायच्या. वरून डांबर ओतलेलं असायचं. एखादा सेल (बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांपैकी एक) गेला की ते डांबर वितळवून आतल्या प्लेटा बदलून द्यायचे. आता बहुतेक सीलबंद येतात, पण काउंटरवर येणारे प्रश्न फारसे बदललेले नाहीत. रोज जे तोंडी सांगतो तेच इथे लिहिलं आहे. ऑल्टो, वॅगनआर, सँट्रो, आय-टेन, टियागो, स्विफ्ट अशा गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

किल्ली फिरवली तरी गाडी घेत नाही. बॅटरीच गेली ना?

असेलही, पण आधी कान द्या. किल्ली फिरवल्यावर "कट कट कट कट" असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच "टक्" वाजून शांत झालं, तर स्टार्टर (इंजिन फिरवणारी मोटर), त्याचं सोलेनॉइड (त्याचा स्विच) किंवा अर्थिंग (बॅटरीच्या मायनसची बॉडी-इंजिनशी जोडणी) यांच्यावर संशय घ्या. इंजिन "ऊंss ऊंss" करत जड फिरतंय पण पेटत नाही, तर बॅटरी अशक्त आहे. आणि इंजिन नेहमीच्या जोमात फिरतंय, तरी चालू होत नाही, तर बॅटरीचा काही दोष नाही. पेट्रोल किंवा स्पार्ककडे बघा.

दुसरी सोपी परीक्षा हेडलाइटची. दिवे लावा आणि समोरच्या भिंतीकडे बघत सेल मारा, म्हणजे किल्ली फिरवून स्टार्टर चालवा. उजेड एकदम मंदावला तर बॅटरी किंवा टर्मिनल. उजेड तसाच राहिला आणि इंजिन ढिम्म, तर स्टार्टरपर्यंत करंट पोचतच नाहीये.

हे मी इतकं खोलात का सांगतोय, त्याला कारण आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी वडील गावाला गेले होते आणि दुकानात मी एकटाच होतो. एक निवृत्त गुरुजी मारुती ८०० घेऊन आले. सकाळी गाडी घेत नाही म्हणाले. बॅटरी साडेतीन वर्षांची होती. मी काही न मोजता नवी बसवून दिली. चौथ्या दिवशी गुरुजी परत आले, तक्रार तीच. वडिलांनी मल्टीमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस पोलाला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला टेकवलं आणि मला सेल मारायला सांगितला. आकडा एक व्होल्टच्याही वर गेला. तो अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत येणारी अर्थची पट्टी गंजून निम्मी तुटलेली होती. वडिलांनी पट्टी बदलली, गुरुजींची जुनी बॅटरी भंगाराच्या ढिगातून काढून चार्ज केली, तीच परत बसवली आणि नव्या बॅटरीचे सगळे पैसे त्यांच्या हातात ठेवले. ती जुनी बॅटरी पुढे सव्वा वर्ष चालली. पेन्शनीतून ते पैसे त्यांनी काढले होते, हे मला अजून टोचतं. तेव्हापासून आमच्याकडे मोजल्याशिवाय बॅटरी विकली जात नाही, आणि तुम्हीही कुठल्याच दुकानातून मोजल्याशिवाय घेऊ नका.

घरी मोजायची कशी?

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सेल मारायच्या आधी, लाल टोक प्लसला आणि काळं मायनसला लावा.

१२.६ किंवा त्याच्या वर दिसलं तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२ वर आली तर पाव उरली, आणि त्याखाली गेली तर ती उतरलीच. आकड्यांतला फरक दिसायला किती कमी आहे बघा. "बारा व्होल्टची बॅटरी आहे आणि मीटर बारा दाखवतंय, मग चांगलीच असणार," असं समजून कितीतरी लोक फसतात.

मग घरातल्या कुणाला तरी सेल मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. इंजिन फिरत असताना तो ९.६ च्या खाली जायला नको. भरलेली बॅटरी असूनही आकडा आठ-साडेआठवर आपटत असेल, तर तिचा जीव संपत आलाय.

शेवटी गाडी चालू ठेवून मोजा. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान आलं तर अल्टरनेटर, ज्याला आपल्याकडे गॅरेजात अजून डायनमोच म्हणतात, तो नीट चार्ज करतोय. १३ च्या खाली असेल तर तुम्ही हवी तेवढी महागाची बॅटरी आणा, आठवडाभरात तीही उतरणार. १५ च्या वर जात असेल तर बॅटरी उकळून मरणार. काही नव्या गाड्यांत पेट्रोल वाचवायला चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त केलं जातं. अशा गाडीत हेडलाइट आणि ब्लोअर लावून पुन्हा एकदा बघा.

टोप्या उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरइतकं (आतल्या ऍसिडची घनता मोजणारी नळी) खरं बोलणारं दुसरं काही नाही. सहाही सेल १२५० ते १२८० दाखवत असतील तर उत्तम. पाच सेल १२५० आणि एकच ११५०, तर तो सेल गेला. चार्जिंगने तो परत येत नाही.

बॅटरीवरच्या हिरव्या डोळ्यावर विश्वास ठेवावा का?

अर्धा. तो डोळा सहापैकी एकाच सेलची खबर देतो. काळा दिसला तर चार्ज करा, पांढरट दिसला तर आतलं पाणी कमी झालंय. हिरवा असला तरी बाकीच्या पाच सेलांचं काय चाललंय ते मीटरच सांगेल.

बॅटरी किती वर्षं टिकायला हवी?

आपल्याकडे तीन ते पाच वर्षं. उष्णता हा बॅटरीचा खरा शत्रू. ऊन वाढलं की आतल्या शिशाच्या जाळीचं गंजणं आणि पाण्याचं उडणं, दोन्ही वेगाने होतं. आमच्याच जिल्ह्यात हे स्पष्ट दिसतं. दहिवडी-म्हसवडकडच्या गाड्या एप्रिल-मेमध्ये दिवसभर उघड्यावर तापतात, त्यांच्या बॅटऱ्या जावळी-वाईकडच्या सावलीतल्या गाड्यांपेक्षा लवकर येतात. गाडी सावलीत लावणं यापेक्षा स्वस्त उपाय नाही. बॅटरीभोवती कंपनीने प्लास्टिकचं किंवा फोमचं आवरण दिलं असेल, तर ते इंजिनच्या धगीपासून वाचवायला असतं. गॅरेजात काढून फेकू देऊ नका.

उन्हाळ्यात नीट होती, थंडीत महाबळेश्वरला मुक्काम केला आणि सकाळी दगा दिला. थंडीनेच गेली ना?

गेली उन्हाळ्यात, कळलं थंडीत. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशाच्या आसपास बॅटरी तिच्या ताकदीच्या साधारण ऐंशी टक्केच देते, आणि त्याच वेळी इंजिनऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. धडधाकट बॅटरीला याचं काही वाटत नाही. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तशा पहाटे मात्र अशक्त बॅटरीचं पितळ उघडं पडतं. तीन वर्षं होऊन गेली असतील तर डिसेंबरात वर जाण्याआधी एकदा लोड टेस्टरवर (बॅटरीवर भार टाकून तिची ताकद मोजणारं यंत्र) लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

गाडी फार वापरली जात नाही, तरी बॅटरी का उतरते?

हा प्रश्न साताऱ्यात सगळ्यांत जास्त. आमच्या जिल्ह्यातली माणसं फौजेत आहेत, मुंबईला आहेत. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात घरोघर जवान, आणि अंगणात ताडपत्रीखाली त्यांची गाडी. जवान सुट्टीवर येतो, पहिल्या दिवशी आईला दवाखान्यात न्यायचं असतं, आणि गाडी घेत नाही. सुट्टीचा एक दिवस बॅटरीच्या मागे जातो. कुणाच्या बाबतीत असं होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून हिशेब सांगतो.

गाडी बंद असली तरी घड्याळ, सेंट्रल लॉक, अलार्म आणि इंजिनचा कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खात असतात. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ते नॉर्मल. पण ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ एएच (अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप). छोट्या गाडीची बॅटरी ३५ एएचची. पंधरा दिवसांत १८ एएच गेले, म्हणजे ती निम्मी झाली. महिन्यात जवळपास रिकामी. बाहेरून बसवलेला जीपीएस किंवा डॅशकॅम असेल तर त्याहून लवकर. आणि अशी उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. तो घट्ट झाला की चार्जर लावूनही बॅटरी पूर्वीसारखी भरत नाही.

म्हणून पंधरा दिवसांपेक्षा जास्त गाडी उभी राहणार असेल तर मायनसची वायर काढून ठेवा. दहा नंबरचा पाना आणि दोन मिनिटं. वायरीचं टोक कापडात गुंडाळून पोलापासून लांब वळवून ठेवा. घड्याळ आणि रेडिओचं सेटिंग जाईल, बॅटरी वाचेल. महिन्या-दोन महिन्यांनी कुणी चार्जर लावणारं असेल तर फारच छान. "शेजारच्या पोराला दर रविवारी पाच मिनिटं गाडी चालू करायला सांगितलंय," असं बरेच जण म्हणतात. त्याने उपयोग होत नाही. आयडलवर अल्टरनेटर फार थोडं देतो, त्यात पोराने गाणी आणि एसी लावला तर उलट खर्चच होतो. त्याला चांगला अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवून आणायला सांगा.

रोज गोडोलीहून पोवई नाका आणि परत, एवढीच गाडी फिरत असेल तर तिचीही तीच गत. दोन-तीन किलोमीटरच्या खेपा, त्यात सिग्नलला थांबणं, ब्लोअर, दिवे. भरणं कमी, खर्च जास्त. महिन्यातून एकदा रात्रभर चार्जरवर लावा. ३५ एएचच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या आसपास चार्जिंग ठेवायचं. दहा-बारा तासांत निवांत भरते. उतरलेली बॅटरी पुण्याला एकदा जाऊन आलं की पूर्ण भरेल, हाही गैरसमज आहे. शेवटचा पाव हिस्सा भरायला फार वेळ लागतो आणि तो चार्जरच नीट भरतो.

कासला गेलो होतो, परत निघताना गाडी मेली. बॅटरी तर नवी होती.

सप्टेंबरात फुलांच्या दिवसांत असे फोन ठरलेले. यवतेश्वरच्या घाटात धुकं लागतं, भरदिवसा हेडलाइट लावावे लागतात. वर पोचेपर्यंत ऊन पडलेलं असतं, दिवे लागलेत हे दिसतही नाही, आणि माणसं दोन-अडीच तास पठारावर फिरतात. साधे हॅलोजन हेडलाइट मिळून दहा अँपिअरच्या आसपास खातात. ३५ एएचच्या बॅटरीतून अडीच तासांत २५ एएच गेले, मग सेल मारायला उरतं काय? दरवाजा नीट न लागल्यामुळे जळत राहिलेला आतला छोटा दिवासुद्धा दिवसभरात आठ-दहा एएच खातो.

अशी बॅटरी बदलू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चार्जिंगला लावा, ती सावरते. चार-पाच वेळा तसं झालं मात्र तिचं आयुष्य निम्म्यावर येतं.

माझ्या गाडीला कोणती बॅटरी बसेल, कसं ओळखायचं?

जुन्या बॅटरीवरचा नंबर वाचा आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून बघा. दोन्ही बघायचं, कारण मधल्या मालकाने भलतीच बसवलेली असू शकते.

जपानी पद्धतीचा नंबर असा असतो: ३८बी२०एल. पहिला ३८ हा ताकदीचा आकडा, तो एएच नव्हे. बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट. २० म्हणजे लांबी, साधारण २० सेंटिमीटर. शेवटचा एल किंवा आर सांगतो की प्लसचा पोल डावीकडे की उजवीकडे. एवढ्या एका अक्षरावरून फार घोळ होतात. एलच्या जागी आर आणली तर वायर पोचत नाही, मग कुणीतरी ती ओढून-ताणून लावतं किंवा मध्ये तुकडा जोडतं. ताणलेली प्लसची वायर बॉनेटला किंवा क्लॅम्पला घासली तर आग लागू शकते. अक्षर जुळलं नाही तर बॅटरी परत करा.

पोल जाड की बारीक तेही बघा. नंबरच्या शेवटी एस असेल तर पोल जाड. बारीक पोलावर जाड क्लॅम्प ढिला बसतो आणि मग त्यात पत्र्याची पट्टी कोंबतात. अशा पट्टीपायी "बॅटरी गेली" म्हणून आलेल्या किती गाड्या मी नुसतं योग्य टर्मिनल लावून परत पाठवल्यात.

युरोपी पद्धतीच्या बॅटऱ्यांवर डिन ४४, डिन ५० असं लिहिलेलं असतं. त्यांचे पोल वरच्या पातळीच्या खाली, खाचेत बसलेले असतात आणि तळाला धरायची कड असते. जपानीच्या जागी डिन किंवा उलट बसवू नका. बॅटरी धरून ठेवणारी आडवी पट्टी नीट बसत नाही आणि बॅटरी हलत राहते.

छोट्या पेट्रोल गाड्यांना बहुधा ३५ एएच लागते. डिझेलला बरीच मोठी, कारण डिझेल इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. सिग्नलला आपोआप बंद होऊन क्लच दाबल्यावर चालू होणारी गाडी असेल, तर तिला ईएफबी किंवा एजीएम याच प्रकारातली बॅटरी हवी. दिवसात पन्नास वेळा सेल मारणं साध्या बॅटरीला झेपत नाही. "साधी बसवू, दोन हजार वाचतील," असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. हायब्रिडचं नाव असलेल्या काही गाड्यांत सीटखाली दुसरी, लिथियमची छोटी बॅटरी असते. तिला हात लावायचा नाही, ती कंपनीच्या वर्कशॉपचं काम.

कुठली कंपनी चांगली?

एक्साइड, अमरॉन, एसएफ सोनिक, टाटा ग्रीन, सगळ्या विकल्यात आणि सगळ्यांच्या चांगल्या चाललेल्या व लवकर गेलेल्या बघितल्यात. योग्य साइज, ताजा माल आणि जवळ सर्व्हिस देणारा डीलर, या तीन गोष्टी नावापेक्षा मोठ्या.

मोठ्या एएचची बसवली तर जास्त टिकेल का?

ट्रेमध्ये नीट बसत असेल, क्लॅम्प लागत असेल आणि पोलांची दिशा तीच असेल, तर थोडी मोठी चालते. अल्टरनेटरला त्याने इजा होत नाही, तो गरजेपुरतंच देतो. पण रोज तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत मोठी बॅटरीही अर्धीच भरलेली राहणार, त्यामुळे आयुष्य वाढत नाही. पुस्तिकेत आहे त्यापेक्षा लहान मात्र कधीच नको.

दुकानात बॅटरी ताजी आहे हे कसं बघायचं?

बनवल्याची तारीख विचारा आणि ती बॅटरीवर दाखवायला सांगा. प्रत्येक कंपनीचा कोड वेगळा असतो, दुकानदाराला तो वाचता येतो. सहा महिन्यांपेक्षा जुनी घेऊ नका, कारण शेल्फवर बसल्या बसल्याही ती उतरत असते. मग मीटर लावा. १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून द्या म्हणा. तुमच्या पैशाचा माल आहे, मागायला संकोच कसला.

वॉरंटी "३० अधिक ३०" म्हणजे साठ महिने फुकट?

नाही, आणि हे बिल करतानाच समजून घ्या म्हणजे नंतर वाद होत नाही. पहिल्या तीस महिन्यांत बनावटीचा दोष निघाला तर बॅटरी बदलून मिळते. पुढच्या तीस महिन्यांत नवी घेताना किमतीत ठराविक सूट मिळते, आणि जसजसे महिने सरतात तशी ती कमी होत जाते. दिवे राहिल्यामुळे उतरलेली बॅटरी हा दोष धरत नाहीत, ती चार्ज करून परत देतात. टॅक्सीत लावली तर वॉरंटी कमी असते. कार्डावर तारीख, गाडी नंबर आणि शिक्का दुकानातून निघण्याआधी तपासा, आणि कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा. कार्डावरची शाई तीन वर्षांत उडते.

जुनी दिली की किती कमी होतात? आणि जीएसटीचं काय?

जुनी बॅटरी परत दिली की तिच्या आकाराप्रमाणे पैसे कमी होतात, कारण आतलं शिसं पुन्हा वापरलं जातं. दर विचारताना "जुनी देऊन की न देता" हे आधी स्पष्ट करा. दोन दुकानांच्या दरातला निम्मा फरक तिथेच असतो. मोटारीच्या बॅटरीवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झालाय. पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटी मागणं अवघड जातं.

स्वतः बदलता येईल का?

छोट्या गाडीत नक्की येईल, घाई केली नाही तर. दहा नंबरचा पाना, हातमोजे, जुनं कापड आणि डोळ्यांना चष्मा एवढं पुरतं. बॅटरी साधारण दहा किलोची असते.

गाडी बंद करा, किल्ली खिशात ठेवा, एक काच खाली करून ठेवा. बॅटरी जोडताना कधी कधी सेंट्रल लॉक आपोआप लागतं आणि किल्ली आत अडकते. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढा. अंगठी प्लस आणि बॉडीच्या मध्ये सापडली तर क्षणात लाल होते. आमच्या एका कारागिराच्या बोटावर तो गोल डाग अजून आहे.

आधी मायनस काढायचा, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. हा क्रम पाठ करण्यापेक्षा त्यामागचं कारण लक्षात ठेवा. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली आहे. मायनस लागलेला असताना तुम्ही प्लसचा नट फिरवत असाल आणि पाना बॉडीला टेकला, तर शेकडो अँपिअरचा शॉर्ट होतो आणि ठिणगी उडते. बॅटरीच्या आसपास हायड्रोजन असू शकतो. ती ठिणगी बॅटरी फोडू शकते आणि ऍसिड तोंडावर येतं. मायनस आधी सुटलेला असेल तर पाना टेकून काहीच होत नाही.

मग वरची पट्टी सोडा, बॅटरी सरळ उचला, ट्रे सोड्याच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. नवी ठेवण्याआधी जुनीच्या शेजारी ठेवून पोलांची दिशा पुन्हा बघा. क्लॅम्प पोलावर पूर्ण खाली बसू द्या, हातोडीने ठोकू नका. घट्ट केल्यावर हाताने फिरवून बघा, हलता कामा नये. वरची पट्टी लावायला विसरू नका. आमच्या रस्त्यांवर सुटी बॅटरी हादऱ्यांनी आतून तुटते, पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत तर फारच.

पहिले काही किलोमीटर इंजिन आयडलवर किंचित खालीवर होईल, घड्याळ लावावं लागेल, काही गाड्यांत आपोआप वर जाणारी काच पुन्हा शिकवावी लागते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड जमते, काय करू?

खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने धुवा, कोरडं करून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन जोडणीच्या वरून लावायचं, आत नाही. वारंवार पूड येत असेल तर पोलाच्या बुडाशी ऍसिड झिरपतंय किंवा चार्जिंग जास्त होतंय.

पाणी कोणतं घालायचं?

फक्त डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, फिल्टरचं नाही, एसीतून गळणारंही नाही. आणि बाजारातलं ऍसिड तर मुळीच नाही, कारण कमी होतं ते पाणी. ऍसिड आतच राहतं. पातळी प्लेटांच्या वर एक ते दीड सेंटिमीटर पुरते. ऍसिड डोळ्यात गेलं तर लगेच स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं धुवा आणि तसेच डॉक्टरांकडे जा.

दुसऱ्या गाडीवरून चालू करायची असेल तर वायर कशा लावायच्या?

दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नकोत. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगलीच्या प्लसला. काळी चांगलीच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक मेलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवून मग दुसरीचा सेल मारा. काढताना उलट्या क्रमाने. बॅटरी फुगलेली, तडकलेली किंवा गळत असेल तर वायर लावूच नका.

धक्का देऊन चालत नाही का?

मॅन्युअल गाडी चालते, बॅटरीत थोडा तरी जीव असेल तर. पूर्ण मेलेली असेल तर पेट्रोलचा पंप आणि इंजिनचा कॉम्प्युटरच जागे होत नाहीत. ऑटोमॅटिक आणि एएमटी गाड्या ढकलून चालू होत नाहीत. आणि कळकळीने सांगतो, घाटाच्या उतारावर गाडी सोडून चालू करायला जाऊ नका. इंजिन बंद असताना स्टिअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो. सज्जनगड किंवा यवतेश्वरच्या वळणावर तेवढा वेळ मिळत नाही. जम्पर केबलची जोडी डिकीत ठेवा.

घरच्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी चालेल का?

चालेल, पण काही महिने. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, क्षणभर मोठा करंट द्यायला केलेल्या. इन्व्हर्टरला तासन्‌तास थोडा थोडा करंट देणारी जाड प्लेटांची ट्युब्युलर लागते.

नवी बॅटरी महिन्यात दोनदा उतरली. खराब निघाली का?

क्वचित. आधी गाडी चालू ठेवून चार्जिंग मोजा. ते ठीक असेल तर गाडी बंद करून अर्ध्या तासाने मायनसच्या वायरीत मीटर अँपिअरवर लावून गळती बघा. ५० मिलिअँपिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो तिथे चोर आहे. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमचा ॲम्प्लिफायर किंवा डिकीचा दिवा निघतो. मीटर लागलेलं असताना सेल मारू नका, मीटर जळेल.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला विकली तर काय बिघडतं?

भंगारवाला चार पैसे जास्त देईलही. पण अशा कित्येक बॅटऱ्या कुठेतरी उघड्यावर फोडल्या जातात, ऍसिड ओढ्यात ओतलं जातं आणि शिसं चुलीवर वितळवलं जातं. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. त्याची धूळ आणि धूर लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करतात. वडिलांच्या काळात आम्ही स्वतः प्लेटा काढायचो तेव्हा आई त्यांना अंघोळ केल्याशिवाय घरातल्या लेकरांना हात लावू द्यायची नाही. तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचं बरोबर होतं. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून नोंदणीकृत कारखान्यात पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि डीलरकडे दिलेली बॅटरी त्या वाटेने जाते.

आणताना ती उभी आणा, आडवी नको, आणि डिकीत तिच्याखाली प्लास्टिकचा ट्रे किंवा पाटी ठेवा. गोणपाट ऍसिडने जळतं.